उसने प्रश्न, शिळी उत्तरे

प्रश्न विचारण्याची सध्या आपल्याकडे साथ आली आहे. सकाळचा चहा होतो न होतो तोच फोनवर मित्रमंडळींच्या गटात, नातेवाइकांच्या गटात, शाळासोबत्यांच्या गटात प्रश्नांचा पाऊस सुरू होतो. अमक्या देशाची राजधानी कोणती? तमकी नदी कोठे उगम पावते? जगातला सर्वांत मोठा हा कोण आणि सर्वांत लहान तो कोण? खाली एक आव्हानही असते : ‘शंभरात एकालाच उत्तर येते, पाहा, तुम्ही त्यातले आहात का!’ दुसऱ्या क्षणी कोणीतरी उत्तर टाकतो, तिसऱ्या क्षणी कोणीतरी अंगठा उंचावतो आणि चौथ्या क्षणी प्रश्न, उत्तर व अंगठा ही तिन्ही विस्मृतीत जातात. याला ज्ञानाची देवाणघेवाण म्हणतात! माझे म्हणणे असे की, हिच्यात देवाण नाही आणि घेवाणही नाही. ही निव्वळ हमाली आहे; आणि हमाल बिचारा निदान उचलल्या ओझ्याचे वजन तरी ओळखून असतो.

वाचकांनी येथेच गैरसमज करून घेऊ नये. ‘असले उद्योग करण्यापेक्षा चार अक्षरे वाचा’ असा उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी मुळीच इच्छा नाही. चार स्नेही जमावेत, एकाने दुसऱ्याला काहीतरी मजेदार विचारावे, त्याने डोके खाजवावे, तिसऱ्याने मध्येच चुकीचे उत्तर देऊन हशा पिकवावा, यासारखे निर्मळ सुख दुसरे नाही. हे मित्र आज एका ओसरीवर बसलेले नसतील. एक पुण्याला, एक नागपूरला, एक मडगावला आणि एक न्यू जर्सीला असेल. म्हणून काही बिघडत नाही. पूर्वी जे पान-सुपारीवर होत होते ते आज फोनवर होते, एवढाच फरक. इंग्रजीत या किरकोळ माहितीला ‘ट्रिव्हिया’ म्हणतात. हा शब्द मोठा गमतीचा आहे. लॅटिन भाषेत त्याच्या मुळाशी ‘तीन’ आणि ‘रस्ता’ असे दोन शब्द आहेत. म्हणजे आपल्या कोकणातला चक्क तिठा! जेथे तीन वाटा मिळतात तेथे माणसे थांबतात, एकमेकांना भेटतात, इकडचे तिकडचे बोलतात. त्या बोलण्यावरून ‘क्षुल्लक’ हा अर्थ आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. मला या क्षुल्लकपणाबद्दल यत्किंचितही तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी, की तिठा ओस पडला आणि नुसती धूळ उडत राहिली.

प्रश्नांचा हा खेळ आपल्याला परक्यांनी शिकवला, असेही कोणी समजू नये. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर, अंगणात, रात्री निजानीज होण्यापूर्वी एकमेकींना कोडी घालीत. त्यांना कोणी उखाणे म्हणे, कोकणात कोणी हुमाण म्हणे. त्या कोड्यांची उत्तरे काय असत? नारळ, दिवा, सुई, कांदा, जाते, सावली! म्हणजे ज्याला उत्तर द्यावयाचे त्याने ती वस्तू रोज डोळ्यांनी पाहिलेली असे, हाताळलेली असे. फक्त ती तशा नजरेने पाहिलेली नसे. उत्तर कळताच तो कपाळावर हात मारून घेई आणि म्हणे, ‘अरे, हे तर मला ठाऊक होते!’ या एका उद्गारात त्या सगळ्या खेळाचे सार्थक होते. उलट आजच्या प्रश्नाचे उत्तर कळल्यावर मनुष्य म्हणतो, ‘असेल बुवा!’ या दोन उद्गारांत जे अंतर आहे तेच माझ्या भांडणाचे मूळ आहे.

महाभारतातला यक्ष आठवा. तळ्याच्या काठी तहानेने व्याकूळ झालेल्या युधिष्ठिराला त्याने प्रश्नामागून प्रश्न विचारले. पण त्याने प्रश्न टाकून पळ काढला नाही. तो तेथेच थांबला, प्रत्येक उत्तर त्याने ऐकले, तोलले, आणि शेवटी ‘चार भावांपैकी एकालाच जिवंत करतो, कोण हवा ते सांग’ असे म्हणून युधिष्ठिराची खरी परीक्षा घेतली. युधिष्ठिराने भीम मागितला नाही, अर्जुनही मागितला नाही, नकुल मागितला, कारण कुंतीचा एक पुत्र उरला होता, तसा माद्रीचाही एक उरावा. हे उत्तर कोठल्या पुस्तकात पाठ करून येत नाही. आजचा यक्ष मात्र एकाच वेळी वीस तळ्यांवर प्रश्न फेकतो आणि न्याहारीला निघून जातो. त्याच महाभारताच्या लेखनाची कथाही आपल्याला ठाऊक आहे. गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्यावाचून एक अक्षरही लिहावयाचे नाही. मग व्यासांनी मधून मधून कूट श्लोक घालावेत, गणपतीने क्षणभर विचारात पडावे, आणि तेवढ्यात व्यासांनी पुढची रचना करून घ्यावी. आमच्या प्रश्नप्रसारकांनी गणपतीची अट तेवढी उचलली, बोट थांबता कामा नये एवढी! व्यासांची अट मात्र कोणीच पाळीत नाही. अर्थ समजल्यावाचून, खरे-खोटे पाहिल्यावाचून पुढे ढकलावयाचे नाही, ही साधी अट पाळली तर रोजच्या प्रश्नांतले नव्वद टक्के जागच्या जागी थांबतील, अशी माझी खात्री आहे.

कारण हे प्रश्न उसने असतात, आणि उसन्या प्रश्नाचे उत्तर कोणी तपासलेले नसते. याची एक अमेरिकन गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थाने १९७४ साली अशा किरकोळ माहितीचा एक कोश प्रसिद्ध केला. आपली मेहनत कोणी फुकट उचलू नये म्हणून त्याने एका ठिकाणी सापळा लावून ठेवला. त्या काळी टेलिव्हिजनवर कोलंबो नावाचा एक गुप्त पोलीस फार लोकप्रिय होता. त्याचे पाळण्यातले नाव मालिकेत कोणी उच्चारीत नसे. वर्थने खुशाल ठोकून दिले की त्याचे नाव ‘फिलिप’. पुढे १९७९ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरी ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट या दोन वृत्तपत्रव्यवसायी मित्रांनी प्रश्नोत्तरांचा एक बैठा खेळ बसविला. ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हे त्याचे नाव. पाच वर्षांत घरोघर तो खेळ जाऊन पोहोचला; एकट्या १९८४ साली उत्तर अमेरिकेत त्याचे दोन कोटी संच खपले. आणि त्या खेळात प्रश्न होता, कोलंबोचे पाळण्यातले नाव काय? उत्तर होते, फिलिप! वर्थने तीस कोटी डॉलरांची फिर्याद ठोकली. पण माहिती ही कोणाच्या मालकीची नसते, या कारणाने तो हरला. १९८७ साली वरिष्ठ न्यायालयानेही त्याच्याविरुद्धच निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल योग्यच म्हणावा लागेल. पण माझे लक्ष त्या घराघरांकडे जाते. किती बैठकींत कोणीतरी ‘फिलिप’ असे सांगून गुण मिळविला असेल, आणि ‘त्याला पाळण्यातले नावच सांगितलेले नाही’ असे खरे बोलणारा बिचारा हरला असेल! उसन्या प्रश्नाचा हा पहिला अन्याय : तो खोट्याला बक्षीस देतो आणि खऱ्याला शिक्षा करतो.

अमेरिका दूर राहिली. आपल्या अंगणातले पाहू. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, हा प्रश्न लहानपणी विचारला गेला नाही असा मनुष्य विरळा. उत्तर ठरलेले : हॉकी. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे उत्तर लिहिले आणि मास्तरांनी त्यावर बरोबरची खूण केली. २०१२ साली एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकाराखाली सरकारलाच विचारले की, हे केव्हा ठरले, त्याचा हुकूम दाखवा. क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिले की, कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर करण्यात आलेला नाही! चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे दुसरे लाडके उत्तर. चीनचा स्वतःचा अंतराळवीर यांग लीवेई २००३ साली पृथ्वीभोवती फिरून आला. चंद्र राहिलाच, पण तेवढ्या जवळूनही भिंत आपल्याला दिसली नाही असे त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकले. आणि आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात पहिला क्रमांक दिल्याची वार्ता तर दर काही महिन्यांनी नव्याने जन्म घेते. युनेस्कोने असा निवाडा कधीच दिलेला नाही. आपले राष्ट्रगीत आपल्याला प्रिय आहे. त्याला असल्या खोट्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. पण खोटे उत्तर गोड लागले की ते तपासावे असे कोणाला वाटत नाही, हीच तर खरी अडचण आहे.

काही उत्तरे खोटी नसतात, शिळी असतात. दिवाळीचा फराळसुद्धा तुळशीच्या लग्नापर्यंत कसाबसा टिकतो. आमच्या प्रश्नांची उत्तरे मात्र पन्नास-पन्नास वर्षे डब्यात पडून असतात. महाराष्ट्रात जिल्हे किती? १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा सव्वीस होते. २०१४ साली पालघर झाल्यापासून छत्तीस आहेत. ग्रह किती? नऊ म्हणणाऱ्यांना २००६ साली प्लूटोने दगा दिला. एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटर पाठ केलेल्यांना २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून शहाऐंशी सेंटिमीटर जास्तीचे दिले. यात कोणाचा दोष नाही. जग हलते, वाढते, बदलते. पण जो प्रश्न मित्रापुढे ठेवावयाचा तो ठेवण्यापूर्वी त्याचा वास घेऊन पाहावा, एवढी काळजी आपण पाहुण्यापुढे करंजी ठेवतानाही घेतो!

इथवर खरेखोटेपणाचे झाले. त्याहून मोठा दोष पुढे आहे. समजा, उत्तर बिनचूक आहे, ताजे आहे. तरी बहुसंख्य प्रश्नांना उत्तराकडे जाणारी वाटच नसते. ‘कळसूबाईची उंची किती?’ हा प्रश्न घ्या. १,६४६ मीटर हे ज्याला ठाऊक आहे तो सांगेल. ज्याला ठाऊक नाही तो रात्रभर जागला तरी विचाराने तेथे पोहोचणार नाही. तो एक तर गप्प बसेल, नाही तर हळूच यंत्राला विचारील. दोहोंतही संभाषण संपले. आता याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवून पाहा : ‘मुंबईला सूर्य ऐन माध्यान्हीला येतो तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात, सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटे झालेली असतात. असे का? आणि नागपूरला किती वाजलेले असतील?’ येथे शाळेतल्या भूगोलाला काम मिळते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. मुंबई सुमारे पावणेत्र्याहत्तर अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. गुणाकार केला की एकोणचाळीस मिनिटे हातात पडतात. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तेथे माध्यान्ह मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी होते. मग कोणीतरी आजोबा सांगू लागतात की, मुंबईची स्वतःची वेळ वेगळी होती. ती देशाच्या घड्याळापेक्षा बरोबर एकोणचाळीस मिनिटे मागे असे, आणि १९५५ पर्यंत ती चालू होती. पाहा, एका प्रश्नातून भूगोल निघाला, गणित निघाले, आणि आजोबांना बोलावयास मिळाले! प्रश्न असावा तो असा.

दुसरे उदाहरण ताटातलेच देतो. समोर चिवडा आहे. विचारा : ‘यातले कोणते जिन्नस ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी महाराष्ट्रात मिळाले नसते?’ लगेच सगळ्यांचे हात ताटात जातील. पोहे होते, खोबरे होते, हळद होती, कढीलिंब होता. शेंगदाणे? नव्हते. काजू? नव्हते. मिरची? तीही नव्हती! ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले, आणि त्यानंतर ती आपल्या स्वयंपाकघरात आली. मग कोणी काकू अचंबा करील, ‘अहो, मग तेव्हा तिखट करीत तरी कशाचे?’ हा प्रश्न पहिल्या प्रश्नाहून चांगला आहे, आणि तो काकूंनी स्वतः रचलेला आहे! उत्तरही दूर नाही : मिरे, पिंपळी, आले. ‘मिरची’ या नावातच ‘मिरे’ दडलेले आहेत. तेवढ्यात कोणी खट्याळ पुतण्या एकादशीच्या खिचडीकडे वळेल. साबुदाणा आपल्याकडे ज्या कंदापासून करतात तो कंद अमेरिकेतला, दाणे अमेरिकेतले, बटाटा अमेरिकेतला, मिरची अमेरिकेतली! परंपरेच्या उपवासाला चालणारे एवढे सारे साता समुद्रांपलीकडून आलेले! यावर आजी रागावतील, हसतील, वाद घालतील; पण अंगठा उंचावून गप्प बसणार नाहीत. हिंग काढलात तर आणखी अर्धा तास जाईल. कारण शतकानुशतके आपण तो अफगाणिस्तान-इराणकडून आणीत आलो आणि त्याची रोपे आपल्या हिमालयात लावण्याचा प्रयोग २०२० साली कोठे सुरू झाला.

तिसऱ्या प्रकारचा प्रश्न भांडण लावणारा असतो, आणि मला तो सर्वांत आवडतो. भारतातला पहिला चित्रपट कोणता? ठरलेले उत्तर ‘राजा हरिश्चंद्र’. दादासाहेब फाळक्यांचा तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. पण त्याच थिएटरात त्याआधी जवळजवळ एक वर्ष, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखविण्यात आला होता. मग पहिला मान फाळक्यांना का? म्हणतात, ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होते, छायाचित्रक परदेशी होता, फिल्मवरचे संस्कार लंडनला झाले. बरे, मग ‘चित्रपट’ कशाला म्हणावयाचे? नाटकाचे चित्रण तो नव्हे काय? पाहता पाहता साध्या सामान्यज्ञानाच्या प्रश्नाचे रूपांतर कलाविचारात झाले. पण चार पर्याय देऊन त्यांतल्या एकावर खूण करा म्हणणाऱ्या पद्धतीत या भांडणाला जागा कोठे आहे? तेथे पहिला म्हणजे पहिला. तोरणे चूक, पुढचा प्रश्न!

ही पद्धत आली स्पर्धेतून. स्पर्धेशीही माझे वैर नाही. कलकत्त्याला १९६७ साली नील ओब्रायन यांनी आपल्या देशातली पहिली रीतसर प्रश्नमंजूषा घेतली; १९७२ पासून बोर्नव्हिटाची स्पर्धा रेडिओवरून घरोघर गेली, आणि हमीद सयानींच्या मागून अमीन सयानींच्या आवाजाने आमच्या दोन पिढ्या रविवारी रेडिओला चिकटून बसल्या. त्या खेळात सौजन्य होते, विनोद होता. जाणत्या प्रश्नकर्त्यांची शिस्तही होती : प्रश्नाच्या पोटातच उत्तराचा धागा ठेवावयाचा. पुढे २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आले, २०१३ साली मराठीतही तसला कार्यक्रम आला. सामान्य घरातली माणसे त्या खुर्चीवर बसलेली पाहून कोणालाही आनंदच होईल. पण पैसा फार मोठा झाला की प्रश्न लहान होतो, याला इतिहास साक्ष आहे. अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन या प्राध्यापकाने १९५६-५७ साली सारा देश वेडा करून सोडला, आणि २ नोव्हेंबर १९५९ रोजी लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे त्याला कबूल करावे लागले की उत्तरे आपल्याला आधीच दिलेली होती. आमच्या मित्रांच्या गटात लाखो रुपये नसतात. मग उत्तर हळूच यंत्रातून काढून ‘मला ठाऊकच होते’ असे दाखविण्याचा मोह कशासाठी? जिथे बक्षीस नाही तिथेही आम्ही लबाडी करतो, कारण जिंकण्यावाचून खेळाचा दुसरा हेतूच आम्ही शिल्लक ठेवलेला नाही.

याची सर्वांत मोठी किंमत मुले भरतात. दिवाळीत पाहुणे येतात, लाडू-चकल्यांचे ताट पुढे होते आणि मागोमाग सहा-सात वर्षांचे पोर पुढे केले जाते. ‘काकांना सांग पाहू, फ्रान्सची राजधानी कोणती? आणि जपानची?’ पोर पोपटासारखे बोलते, काका ‘वा!’ म्हणतात, आईबापांची छाती फुगते. एखादे उत्तर अडले की ते कावरेबावरे होऊन आईच्या पदराकडे पाहते. अहो, हे कौतुक आहे की छळ? त्या मुलाला प्रश्न विचारावयाचाच तर असा विचारा : ‘लक्ष्मीपूजनाच्या रात्री चंद्रग्रहण होऊ शकेल का रे?’ ते विचार करील. लक्ष्मीपूजन अमावास्येला, अमावास्येला चंद्र दिसतच नाही, मग त्याला ग्रहण कसे लागेल? मोठ्या अभिमानाने ते ‘नाही’ म्हणेल. मग सांगा की, सूर्यग्रहण मात्र होऊ शकते, आणि २०२२ साली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला, मावळतीला सूर्याला ग्रहण लागलेले आपण सर्वांनी पाहिले. हे त्या मुलाला जन्मभर आठवेल, कारण अर्धे उत्तर त्याने स्वतः कमावलेले आहे. पाठ केलेले पॅरिस परीक्षेपर्यंत टिकते. आणि ते अडखळले तर त्याला लाज वाटणार नाही. ते फार तर म्हणेल, ‘थांबा हं, मला विचार करू द्या.’ घरात हे वाक्य ऐकू येऊ लागले की समजावे, येथे शिक्षण चालू आहे.

यावर तीन आक्षेप येतील हे मी जाणून आहे. पहिला आक्षेप : ‘अहो, ही करमणूक आहे, इतके मनावर काय घेता?’ करमणूक आहे म्हणूनच मनावर घेतो! कामाच्या वेळी मनुष्य फसवला तर तो सावध असतो; मित्राच्या बैठकीत तो मन मोकळे सोडून बसतो. तेथे त्याच्या कानात खोटे घालणे हा विश्वासघात होय, मग तो अजाणता का होईना. दुसरा आक्षेप : ‘आता सगळेच फोनमध्ये सापडते, मग प्रश्न हवेतच कशाला?’ नेमके उलट आहे. जे सापडते ते विचारण्यात अर्थ उरला नाही, हे खरे. पण त्यामुळे जे सापडत नाही, जे जोडावे लागते, ते विचारण्याचा काळ आता आला आहे. विहिरीला मोट लागली म्हणून तहान लागावयाची थांबत नाही. तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो : ‘मग पाठांतराला किंमतच नाही का?’ आहे, फार आहे. चंद्र अमावास्येला दिसत नाही एवढे जर मुलाला ठाऊक नसेल तर ते ग्रहणाच्या प्रश्नाशी झुंजणार कशाने? पदरात काही शिदोरी असल्यावाचून विचाराचा प्रवास होत नाही. माझे म्हणणे एवढेच की, शिदोरी ही प्रवासासाठी असते. ती उघडून लोकांना दाखवीत बसण्यासाठी नसते.

म्हणून या दिवाळीला मी माझ्या वाचकांपुढे एक मागणी मांडतो. आपापल्या मित्रमंडळींत, भावाबहिणींच्या गटात, फराळाच्या पंगतीत असा नेम करावा की, उसना प्रश्न आणावयाचा नाही. प्रत्येकाने एकच प्रश्न आणावा, पण तो स्वतः रचलेला असावा. स्वयंपाकघरातून, अंगणातून, गावाच्या नावातून, आजोबांच्या जुन्या पेटीतून, कोठूनही उचललेला. त्याचे उत्तर स्वतः दोन ठिकाणी पडताळलेले असावे. ज्याला विचारावयाचा त्याला विचाराने निदान अर्ध्या वाटेपर्यंत येता यावे. आणि विचारणाऱ्याने यक्षाप्रमाणे उत्तर येईपर्यंत तळ्याकाठी थांबावे. उत्तर त्याच्या अपेक्षेहून निराळे पण खरे निघाले तर ‘हे मला सुचले नव्हते’ असे मोकळ्या मनाने म्हणावे. रोज पन्नास प्रश्न ढकलणाऱ्याला वर्षातून असा एक प्रश्न रचून पाहू द्या. त्याला कळेल की, उत्तर देण्यापेक्षा विचारणे कितीतरी अवघड आहे. ज्याला रचता येते त्याला मग दुसऱ्याच्या अज्ञानाची थट्टा करावीशी वाटत नाही, कारण आपले अज्ञान किती आहे हे त्याला रचतानाच दिसलेले असते.

बोलणाऱ्याने आधी करून दाखवावे, अशी आपली जुनी रीत आहे. तेव्हा हा माझा प्रश्न : नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानासाठी तुम्ही उठाल, तेव्हा आकाशात चंद्र असेल काय? असलाच तर कोणत्या दिशेला, कोणत्या आकाराचा, आणि त्याच्या कोरीचा फुगीर भाग कोणीकडे वळलेला? फोन बाजूला ठेवा. तेल लावून घेण्यापूर्वी घरातल्या लहानग्याचा हात धरून गच्चीवर जा, आणि जाताना त्याला विचारा. उत्तर मी येथे छापणार नाही.